जुना फोन ठेवावा की नवा घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन बदलण्याविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे न उगाळता तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझा फोन चार वर्षांचा झाला. आता तो बदलायलाच हवा का?

केवळ वयामुळे बदलण्याची गरज नाही. चार वर्षांचा फोन मंदावतो, तापतो आणि दुपारीच चार्जिंग मागू लागतो, ही तक्रार खरी असते. पण तिच्यामागे बहुतेक वेळा झिजलेली बॅटरी किंवा गच्च भरलेले स्टोरेज असते आणि या दोन्हींवर उपाय करता येतो. वापरणाऱ्याच्या हाती ज्याचा उपाय सहसा नसतो अशी गोष्ट म्हणजे कंपनीने सुरक्षा-अपडेट देणे थांबवणे. म्हणून फोन बदलण्याचा विचार मनात आला की सर्वांत आधी सेटिंग्जमध्ये जाऊन तेवढे तपासावे. अँड्रॉइड फोनमध्ये शेवटच्या सुरक्षा-अपडेटची तारीख दिसते. आयफोनच्या बाबतीत कंपनी त्या मॉडेलला अजून अपडेट देते का, हे पाहावे. अपडेट चालू असतील, तर फोन बदलण्यापूर्वी प्रश्न ४ आणि १० वाचावेत. ते बंद झाले असतील, तर प्रश्न १२ वाचावा.

२. अपडेट बंद झाले म्हणजे नेमके काय बंद होते? माझा फोन तर व्यवस्थित चालतो आहे.

‘अपडेट’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे फोन चालवणाऱ्या प्रणालीची, म्हणजे अँड्रॉइडची किंवा आयफोनमधील आयओएसची, नवी आवृत्ती. ती मिळाली नाही तर काही नव्या सोयी मिळत नाहीत, एवढेच नुकसान होते. दुसरी म्हणजे सुरक्षा-अपडेट. प्रणालीत सापडलेल्या त्रुटी त्यातून बुजवल्या जातात आणि खरे महत्त्व त्यालाच आहे. तिसरी म्हणजे अ‍ॅपची अपडेट, जी पहिल्या दोन्ही थांबल्यानंतरही काही वर्षे येत राहतात. अ‍ॅप नियमित अपडेट होत असल्यामुळे फोनला अजून संरक्षण आहे, असा समज होतो. तो चुकीचा आहे, कारण प्रणालीतील भोक अ‍ॅपच्या अपडेटने बुजत नाही आणि फोनच्या वागण्यातही काही फरक जाणवत नाही.

मुदतीच्या बाबतीत अलीकडे चांगला बदल झाला आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ मालिकेसाठी सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले. मात्र ही सात वर्षे तुम्ही फोन विकत घेतल्या दिवसापासून नव्हे, तर ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात. दोन वर्षे जुने मॉडेल सवलतीत घेतले, तर हाती पाच वर्षेच उरतात, आणि सवलतीच्या जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेला नियम मला अधिक न्याय्य वाटतो: त्यानुसार एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट उपलब्ध ठेवावी लागतात.

३. कंपन्या जुने फोन मुद्दाम हळू करतात, हे खरे आहे का?

एका गाजलेल्या प्रकरणात ते खरे होते, पण लोक समजतात त्या कारणासाठी नव्हे. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ पासून अ‍ॅपलने झिजलेल्या बॅटरीच्या काही आयफोनचा वेग कमी करण्यास सुरुवात केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते मान्य केले. त्यामागचे तांत्रिक कारण समजण्याजोगे होते. जुनी बॅटरी, विशेषतः थंडीत, एकदम मोठा विद्युतप्रवाह पुरवू शकत नाही, त्यामुळे फोन अचानक बंद पडतो. प्रोसेसरचा वेग आवरला की ते टळते.

फोन बंद पडू नये हा हेतू योग्य होता, पण वापरणाऱ्याला काहीच न सांगणे हे गंभीर चुकीचे होते. ज्यांचे काम नव्या बॅटरीत भागले असते अशा लोकांनी फोन म्हातारा झाला असे मानून नवा घेतला. पुढे अ‍ॅपलने बॅटरी स्वस्तात बदलून दिल्या, बॅटरीची स्थिती दाखवणारी सोय आयओएसमध्ये दिली आणि फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंड भरला. आजही वेग मंदावलेला दिसला की कट शोधण्याआधी बॅटरी तपासावी, असेच मी सुचवेन.

४. बॅटरी बदलावी की फोनच बदलावा?

सुरक्षा-अपडेटची किमान दोन वर्षे शिल्लक असतील आणि स्क्रीन धड असेल, तर बॅटरी बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फोनच्या आयुष्यभरातील कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तयार होतानाच झालेला असतो, त्यामुळे प्रत्येक वाढीव वर्ष खिशाच्या आणि पृथ्वीच्याही फायद्याचे ठरते.

बॅटरीचे आयुष्य सायकलमध्ये मोजतात. एकूण शंभर टक्के चार्ज वापरला गेला की एक सायकल पूर्ण होते. आज साठ टक्के आणि उद्या चाळीस टक्के वापर झाला, तर मिळून एकच सायकल धरली जाते. अ‍ॅपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांची बॅटरी आदर्श परिस्थितीत ५०० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहते, तर आयफोन १५ मालिकेसाठी हा आकडा १,००० सायकलचा आहे. प्रश्न २ मध्ये उल्लेखिलेल्या युरोपीय नियमात किमान ८०० सायकलची अट आहे. आयफोनवर आणि अनेक नव्या अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमधील बॅटरीच्या पानावर मूळ क्षमतेपैकी किती टक्के उरली ते दिसते. ती ८० च्या खाली गेली असेल आणि फोन वीस-तीस टक्के चार्ज दाखवत असतानाच बंद पडत असेल, तर आणखी पुराव्याची गरज नाही.

दुरुस्तीला देताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बाहेरची बॅटरी बसवल्यास काही फोन ‘भाग ओळखता येत नाही’ असा संदेश दाखवतात आणि बॅटरीची टक्केवारी दाखवणे थांबवतात. फोन चालतो, पण विकताना अडचण येते. शिवाय बॅटरी बदलण्यासाठी दुकानदाराला तुमचा पासवर्ड लागत नाही. तो मागितलाच, तर काम तुमच्यासमोर करून घ्यावे.

५. फोन रात्रभर चार्जिंगला लावला तर बॅटरी खराब होते का?

फोन शंभर टक्के भरला की चार्जिंगचे सर्किट पुरवठा थांबवते, त्यामुळे बॅटरी ‘जास्त भरून’ बिघडत नाही. झीज होते ती दोन गोष्टींनी: बॅटरी तासन्‌तास पूर्ण भरलेल्या, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या स्थितीत राहणे आणि उष्णता. यांपैकी उष्णता अधिक घातक आहे. अ‍ॅपल ३५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानात फोन वापरू नये असे सांगते, कारण त्याने बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते. म्हणून रात्रभर चार्जिंगपेक्षा उशीखाली ठेवलेला किंवा उन्हात उभ्या गाडीच्या काचेजवळ चार्ज होणारा फोन अधिक लवकर झिजतो.

बहुतेक नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची किंवा सकाळी उठण्याच्या सुमारास पूर्ण चार्ज करण्याची सोय असते. ती सुरू करावी आणि हा विषय डोक्यातून काढून टाकावा. दिवसभर टक्केवारीवर डोळा ठेवून प्लग काढत-लावत बसण्याइतका फायदा त्यात नाही.

६. महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवून मग चार्ज करावी, असे सांगतात. ते बरोबर आहे का?

नाही. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली आणि तिला वारंवार शून्यावर नेणे उलट त्रासाचे ठरते. अपवाद एकच आहे: टक्केवारीचा आकडा उड्या मारू लागला असेल, तर एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने मोजणी ताळ्यावर येऊ शकते. तरीही फरक पडला नाही, तर प्रश्न ४ पाहावा.

७. जलद चार्जिंगमुळे फोनचे आयुष्य कमी होते का? दुसऱ्या कंपनीचा चार्जर चालतो का?

जलद चार्जिंगचा पूर्ण वेग फक्त सुरुवातीच्या टप्प्यात वापरला जातो. बॅटरी भरत जाते तसा फोन स्वतःच वेग कमी करतो. त्यामुळे थोडीफार वाढलेली उष्णता सोडल्यास चिंतेचे कारण नाही, आणि घाई नसेल तेव्हा साधा चार्जर वापरला तर तेवढीही उष्णता टळते.

किती वीज घ्यायची हे फोन आणि चार्जर आपसांत ठरवतात, म्हणून जास्त वॉटचा चांगला चार्जर कमी वॉटच्या फोनला लावल्यास काही बिघडत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या खास पद्धती मात्र एकमेकींशी जुळत नाहीत, अशा वेळी चार्जिंग चालते पण संथ होते. केबलकडे मात्र लोकांचे दुर्लक्ष होते. यूएसबी-सीच्या सगळ्या केबल बाहेरून सारख्या दिसतात, पण साठ वॉटच्या पुढे जाण्यासाठी केबलमध्ये एक छोटी चिप असावी लागते आणि ती नसेल तर महागडा चार्जरही बांधलेला राहतो. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचे केले, त्यामुळे निदान घरातील जुना चार्जर नव्या फोनलाही उपयोगी पडू लागला आहे.

८. मागे चालू असलेली अ‍ॅप सतत सरकवून बंद केली, तर बॅटरी वाचते का?

वाचत नाही, अनेकदा जास्त खर्च होते, कारण प्रत्येक वेळी अ‍ॅप नव्याने सुरू करावे लागते. मागे दिसणारी बहुतेक अ‍ॅप गोठवलेल्या अवस्थेत असतात. एखादे अ‍ॅप अडकले असेल किंवा रस्ता दाखवणारे अ‍ॅप काम संपल्यावरही लोकेशन वापरत असेल, तर तेवढेच बंद करावे.

९. डार्क मोडने बॅटरी खरोखर वाचते का?

तुमची स्क्रीन ओएलईडी (जिच्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो आणि काळा भाग बंद राहतो) असेल तर वाचते, पण किती ते ब्राइटनेसवर अवलंबून असते. पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर सरासरी ३ ते ९ टक्के बचत आढळली, तर पूर्ण ब्राइटनेसवर ती ३९ ते ४७ टक्के होती. एलसीडी स्क्रीनवर मागचा दिवा जळतच राहतो, त्यामुळे तिथे हा फायदा मिळत नाही.

१०. फोन सतत हँग होतो. १२८ जीबी घेतला होता, तरी जागा इतक्या लवकर कशी संपली?

१२८ जीबी हा आकडा दशमान पद्धतीने मोजलेला असतो. तीच जागा द्विमान पद्धतीने, म्हणजे हजाराऐवजी १,०२४ च्या पटीत, मोजली की सुमारे ११९ भरते आणि त्यातूनही प्रणाली स्वतःचा वाटा घेते. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच तुमच्या हाती १२८ नसतात.

फ्लॅश मेमरीला जुना मजकूर पुसून नवा लिहिण्यासाठी मोकळी जागा लागते, म्हणून स्टोरेज काठोकाठ भरले की सगळा फोन अडखळतो. स्टोरेजच्या पानावर मोठ्या फाइल वर येतील अशी मांडणी केली, तर ग्रुपवर आलेले आणि आपोआप साठलेले व्हिडिओ, तेच ते चार वेळा आलेले फोटो आणि एकदाच पाहून विसरलेले डाउनलोड सर्वांत वर दिसतात. ते काढून साधारण दहा-पंधरा टक्के जागा मोकळी करावी आणि मीडिया आपोआप साठवण्याची सोय बंद करावी. त्यानंतरही फोन अडखळत असेल, तर बॅकअप घेऊन एकदा फॅक्टरी रीसेट करून, म्हणजे सगळे पुसून फोन मूळ स्थितीत आणून, पाहावे. नव्या फोनवर पैसे खर्च करण्याआधी ही एक दुपार खर्च करणे केव्हाही परवडते.

११. माझा फोन आयपी६८ आहे. पाण्यात न्यायला हरकत नाही ना? आणि भिजलाच, तर तांदळात ठेवावा का?

आयपी६८ मधील सहा हा आकडा धुळीपासून पूर्ण संरक्षण दर्शवतो आणि आठ हा आकडा एक मीटरपेक्षा खोल पाण्यात बुडण्याला तोंड देण्याची क्षमता दर्शवतो. किती खोल आणि किती वेळ, हे कंपनी स्वतः ठरवते. ही चाचणी नव्या फोनवर गोड्या पाण्यात होते. समुद्राचे पाणी, साबण आणि गरम वाफ यांचा तिच्याशी संबंध नाही. आतील रबर आणि चिकट पट्ट्या काळानुसार सैल होतात आणि बॅटरी किंवा स्क्रीन बदलताना फोन उघडला असेल, तर मूळ संरक्षण गृहीत धरू नये.

सहसा वॉरंटीतून पाण्याचे नुकसान वगळलेले असते. अनेक फोनमध्ये सिमच्या खाचेत एक बारीक पांढरा ठिपका असतो, जो पाणी लागले की लाल होतो. दुरुस्ती केंद्रात आधी तोच पाहतात. तांदळात फोन ठेवू नये, कारण ओलावा तांदूळ फारसा ओढत नाही आणि त्याचे कण पोर्टमध्ये शिरतात. फोन बंद करावा, पोर्ट खाली करून हलकेच झटकावा, हवेशीर जागी वाळू द्यावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

१२. सुरक्षा-अपडेट बंद झाले आहेत, पण फोन ठणठणीत आहे. तरीही टाकून द्यायचा का?

टाकून देऊ नये, पण त्याचे काम बदलावे. बँकेचे व्यवहार, मुख्य ईमेल आणि ओटीपी येणारे सिम अशा फोनवर ठेवू नये. गाणी, घड्याळ, पुस्तके, घरातील कॅमेरा यांसाठी तो पुढेही अनेक वर्षे वापरता येतो. तंत्राची आवड असणाऱ्यांसाठी लिनिएजओएससारखी (स्वयंसेवकांनी चालवलेली, अँड्रॉइडवर आधारित) मुक्त प्रणाली हा पर्याय आहे आणि काही मॉडेलांना त्यातून अपडेट मिळत राहतात. मात्र बँकांची काही अ‍ॅप अशा फोनवर चालण्यास नकार देतात आणि फोनच्या अगदी खालच्या थरातील काही भाग तरीही जुनेच राहतात.

दोन अडचणी अचानक समोर येतात. पहिली म्हणजे, अँड्रॉइड ७.१.१ पूर्वीच्या फोनवर काही संकेतस्थळे ‘असुरक्षित’ म्हणून उघडतच नाहीत. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य संकेतस्थळांना त्यांची ओळख पटवणारी मोफत प्रमाणपत्रे देते आणि तिचे मूळ प्रमाणपत्र त्या फोनना माहीत नाही. जुन्या फोनसाठी केलेली तात्पुरती सोय सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. स्वतःच्या साठ्यातील प्रमाणपत्रे वापरणारा फायरफॉक्ससारखा ब्राउझर असेल, तर काही फोनवर वाट निघते. दुसरी अडचण अशी की, जिथे ३जी जाळे बंद झाले आहे तिथे ४जीवरून कॉल करण्याची सोय नसलेल्या फोनवर इंटरनेट चालते पण कॉल लागत नाही. तो बिघाड नसतो, त्यामुळे दुरुस्तीवर खर्च करू नये.

१३. कॅमेऱ्यासाठी फोन बदलावासा वाटतो. २०० मेगापिक्सेल म्हणजे माझ्या १२ मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी चांगला असणार ना?

२०० मेगापिक्सेलचा सेन्सर सहसा सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, कारण सुटे पिक्सेल इतके बारीक असतात की कमी प्रकाशात प्रत्येकाच्या वाट्याला पुरेसा प्रकाश येत नाही. फोटोचा दर्जा सेन्सरच्या आकारावर, भिंगावर आणि फोनमधील प्रक्रियेवर अधिक अवलंबून असतो. घरातल्या दिव्यात धावणाऱ्या लहान मुलाचा फोटो हीच खरी परीक्षा आहे. दुकानात गेल्यावर तसाच काहीतरी हलता फोटो काढून पाहावा. आणि त्याआधी स्वतःच्या फोनची भिंग मऊ कापडाने पुसून पाहावी. धूसर फोटोंच्या तक्रारींपैकी काही तिथेच मिटतात.

१४. एआयच्या सोयींसाठी नवा फोन घ्यावा का?

सध्या तरी केवळ त्यासाठी घेऊ नये. फोनमध्येच चालणाऱ्या सोयींना नवा प्रोसेसर आणि भरपूर रॅम लागते. अ‍ॅपलच्या अशा सोयी आयफोन १५ प्रो आणि त्यापुढील मॉडेलांवरच चालतात. परंतु लोक रोज वापरतात ती संभाषणाची, भाषांतराची आणि लेखनाची साधने सर्व्हरवर चालतात आणि जुन्या फोनवरही अ‍ॅप किंवा ब्राउझरमधून तशीच मिळतात.

१५. इंटरनेटवरील परीक्षणांवर कितपत विश्वास ठेवावा? एकच फोन कोणी डोक्यावर घेतो, कोणी पायदळी तुडवतो.

दोन्ही बाजू प्रामाणिक असू शकतात. फोन बाजारात येतो त्याच दिवशी प्रसिद्ध होणारी परीक्षणे सहसा कंपनीने आधी दिलेल्या फोनवर आणि थोड्या दिवसांच्या वापरावर बेतलेली असतात. स्क्रीन, कॅमेरा आणि वेग यांविषयी ती उपयुक्त असतात. पण दोन वर्षांनी बॅटरी कशी राहील, अपडेट वेळेवर येतील का, सुटे भाग मिळतील का, हे त्यांना ठाऊक असणे शक्यच नाही. आणि फोन ठेवायचा की बदलायचा हे ठरते नेमके याच गोष्टींवर. म्हणून त्याच कंपनीच्या दोन-तीन वर्षे जुन्या मॉडेलविषयी आज लोक काय लिहितात ते वाचावे. कंपनीची सवय त्यातून कळते.

खरेदीच्या पानांवरील मतांत पाच तारे आणि एक तारा बाजूला ठेवून मधली मते वाचावीत, कारण काय आवडले आणि काय नाही हे तिथे तपशिलाने लिहिलेले असते. त्रास झालेला माणूस लिहितो आणि समाधानी माणूस गप्प राहतो, हेही लक्षात घ्यावे. एकाच शब्दरचनेची, एकाच आठवड्यात आलेली कौतुके दिसली तर ती विकत घेतलेली असण्याची शक्यता मोठी असते. हा प्रकार इतका वाढला की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बनावट परीक्षणांवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू केला.

१६. नव्याऐवजी वापरलेला किंवा रिफर्बिश्ड (तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकलेला) फोन घेणे शहाणपणाचे आहे का?

मला हा पर्याय मनापासून पटतो, पण पैसे देण्यापूर्वी चार तपासण्या कराव्यात. उरलेली अपडेटची मुदत (प्रश्न २) आणि बॅटरीची टक्केवारी (प्रश्न ४) पाहावी. *#०६# डायल करून मिळणारा पंधरा अंकी आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख) क्रमांक बिलाशी जुळवावा. आणि विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याच्या गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडायला सांगावे. खाते तसेच राहिले, तर रीसेट केल्यावरही फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो आणि तो मिळाला नाही, तर हातातील वस्तू निरुपयोगी होते. विकणारा या शेवटच्या गोष्टीला टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार सोडून द्यावा.

१७. स्वतःचा फोन विकण्यापूर्वी फक्त फोटो डिलीट केले तर पुरे आहे का?

नाही. आधी बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहावा. ओटीपीची अ‍ॅप आणि चॅट यांचे स्थलांतर वेगळे करावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते. मग खात्यांतून बाहेर पडावे, सिम आणि मेमरी कार्ड काढावे आणि फॅक्टरी रीसेट करावे. गेल्या काही वर्षांतील फोनमधील माहिती कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात) असते आणि रीसेट करताना तिची किल्ली नष्ट होते, त्यामुळे माहिती परत मिळवणे व्यवहारात अशक्य होते.

१८. कपाटात पडलेल्या जुन्या फोनची स्क्रीन एका कडेने वर आली आहे. तो चार्ज करून त्यातील फोटो काढता येतील का?

चार्ज करू नका. कडेची फट रुंदावणे किंवा मागचे झाकण फुगणे याचा अर्थ आतील बॅटरी वायूने फुगली आहे आणि तिला टोचले, दाबले किंवा वीज दिली तर ती पेट घेऊ शकते. स्क्रीन बोटाने दाबून जागेवर बसवण्याचा मोह आवरावा. फोन सुरू असेल तर बंद करावा, कागद आणि कापडापासून दूर, थंड जागी, न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावा आणि आधी कल्पना देऊन दुरुस्ती केंद्रात न्यावा. फुगलेली बॅटरी काढून दुसरी बसवल्यावर फोन सुरू होऊन फोटो मिळण्याची शक्यता चांगली असते. फुगण्याने स्टोरेजचे नुकसान होतेच असे नाही.

काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये, कारण कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की आग लागते. ती ई-कचरा केंद्रातच द्यावी. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. तुमच्या कपाटात असे आणखी फोन असतील, तर ते फुगण्याची वाट न पाहता आत्ताच त्यातील फोटो काढून घ्यावेत. फोन ठेवूनच द्यायचा असेल, तर निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावा.